आज इथवर

माणसाने पहाटे चारला उठावे ते अभ्यासाला, काकडआरतीला किंवा स्टेशनवर गाडी गाठायला, अशा समजुतीत मी वाढलो. चौथेही एक कारण असू शकते, हे मला लग्नानंतर सोळा वर्षांनी कळले. आमच्या घरी आता आठवड्यातून चार दिवस पावणेचारला गजर होतो. तो माझ्यासाठी नसतो. पण जाग मला आधी येते. सौ. अंधारात चाचपडत उठते, स्वयंपाकघरात थोडी खुडबुड होते, दाराची कडी हलकेच वाजते आणि जिन्यावरून बुटांचा आवाज उतरत उतरत नाहीसा होतो. मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतो आणि स्वतःला रोजचा प्रश्न विचारतो : पण का?

वास्तविक 'का' या शब्दावर माझे पोट आहे. मी कॉलेजात मराठी शिकवतो. कवीने अमुकच शब्द का योजला असावा, नायिका शेवटी माहेरी का परतली, यांची उत्तरे मी गेली वीस वर्षे देत आलो आहे. माझी टाचणे आता पिवळी पडली आहेत. पण विद्यार्थ्यांचे प्रश्न तेच असल्यामुळे ती बदलण्याची वेळ आलेली नाही. अशा माणसाला स्वतःच्या घरातल्या एका 'का'चे उत्तर सापडू नये, ही जरा लाजिरवाणीच गोष्ट. ती गोष्ट आज सांगतो.

सुरुवात अगदी निरुपद्रवी होती. पाच-सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी रक्त तपासून घेतले. साखर दोघांचीही काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघे तळजाईच्या टेकडीवर जाऊ लागलो. दहा दिवसांनी मी थांबलो आणि ती थांबली नाही, एवढाच काय तो आमच्यातला फरक! चालता चालता ती कधी धावू लागली ते मला समजलेही नाही. पुढे दहा किलोमीटरची शर्यत झाली, मग एकवीसची. एके वर्षी तिने मॅरेथॉन पुरी केली. अक्षरशः पुरी, ४२.१९५ किलोमीटर. दिवाणखान्यातल्या ज्या खिळ्याला पूर्वी माझी शबनम असे, त्याला पदके लटकू लागली. माझी पिशवी दाराआड गेली. मी मनात म्हटले, चला, शिखर गाठले, आता उतार.

आणि एका रात्री आमटी वाढता वाढता ती म्हणाली, "डिसेंबरात मी सिंहगड-राजगड-तोरणा करणार आहे."

"छान! कॉलेजात असताना आम्हीही गेलो होतो. तीन दिवस लागले होते," मी उदारपणे म्हणालो.

"तसं नाही. शर्यत आहे. पन्नासाच्या वर किलोमीटर. पहाटे निघायचं आणि संध्याकाळच्या आत पोचायचं."

माझा घास हातातच राहिला. तिन्ही किल्ले मला ठाऊक आहेत. सिंहगड तेराशे मीटरच्या वर, राजगड त्याहून थोडा उंच, तोरणा सुमारे चौदाशे मीटर. बरे, ही उंची एकदा चढून भागत नाही. चढायचे, सगळे उतरायचे, पुन्हा तळापासून चढायचे. गुडघ्यांनी कोणता गुन्हा केला म्हणून त्यांना ही शिक्षा?

"पण का?" मी विचारले.

"आमटी निवतेय," ती म्हणाली.

घरात उत्तर मिळाले नाही, की मास्तर माणूस पुस्तकांकडे वळतो. मीही वळलो, आणि माझ्या ध्यानात आले, की हे वेड आमच्याच घरात शिरलेले नाही. मॅरेथॉनहून लांब पल्ल्याच्या शर्यतीला 'अल्ट्रा' म्हणतात, आणि डोंगरातल्या अशा शर्यती जगभर धावल्या जातात. त्यांच्या जन्मकथा मोठ्या गमतीच्या आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात शंभर मैलांची घोड्यांची एक शर्यत असे, आजही आहे. चोवीस तासांत जो पुरी करील त्याला पट्ट्याचे चांदीचे बक्कल. गॉर्डी एन्सली नावाच्या स्वाराचा घोडा १९७३ साली वाटेत लंगडा झाला. १९७४ साली हा पठ्ठ्या घोड्यावाचूनच उभा राहिला आणि घोड्यांच्या बरोबरीने शंभर मैल पायी धावला. वेळ लागला २३ तास ४२ मिनिटे! त्यातूनच पुढे तिकडची प्रसिद्ध 'वेस्टर्न स्टेट्स' ही शर्यत निघाली. म्हणजे मूळ प्रश्न 'माणूस का धावतो' हा नव्हताच. घोडा नसला तर काय करायचे, हा होता.

युरोपात माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी शर्यत २००३ साली सुरू झाली. फ्रान्समधून निघायचे, इटली आणि स्वित्झर्लंड ओलांडून पुन्हा फ्रान्समध्ये यायचे. सुमारे १७० किलोमीटर वाट आणि एकूण दहा हजार मीटरांची चढण. पहिल्या वर्षी हवा बिघडली. सातशेच्या आसपास माणसे निघाली होती, त्यांतली ६७ सारी वाट पुरी करून परतली. दावा शेर्पा हा नेपाळी धावपटू पहिला आला. मला वाटले, असा निकाल पाहून दुसऱ्या वर्षी तिकडे कोणी फिरकणार नाही. पण आज त्या शर्यतीत नुसते उभे राहायला मिळावे म्हणून आधी दुसऱ्या शर्यती पुऱ्या कराव्या लागतात, आणि एवढे करून चिठ्ठीत नाव निघावे म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात!

सर्वांत विचित्र शर्यत अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली. मार्टिन ल्यूथर किंग यांचा मारेकरी जेम्स अर्ल रे १९७७ साली तिथल्या डोंगरातल्या तुरुंगातून पळाला. दोन दिवसांहून अधिक काळ तो रानात भटकला आणि पकडला गेला तेव्हा तुरुंगापासून जेमतेम आठ मैलांवर होता. ही बातमी ऐकून गॅरी कँट्रेल नावाच्या गृहस्थांना वाटले, एवढ्या वेळात मी शंभर मैल तरी गेलो असतो. त्या बढाईतून १९८६ साली 'बार्कली' ही शर्यत जन्मली. रानातले पाच फेरे, साठ तासांची मुदत. वाटेत जुनी पुस्तके दडवून ठेवलेली असतात. आपल्या क्रमांकाचे पान फाडून आणायचे, म्हणजे तिथवर गेल्याचा पुरावा. (पुस्तकाची पाने फाडण्याचा हा प्रकार वाचून मला काय वाटले असेल, त्याची कल्पना वाचकांनीच करावी.) २०२४ पर्यंत सगळे मिळून वीसच जणांनी ही शर्यत पुरी केली होती. त्यांतली जॅस्मिन पॅरिस ही पहिली आणि एकटीच बाई. २०२४ साली ती पोचली तेव्हा साठ तासांना अवघे ९९ सेकंद उरले होते.

हे सारे वाचून मी थक्क झालो. पण 'का' जागच्या जागीच राहिला. उलट अधिकच टोचू लागला. कारण आपल्याकडे डोंगरातून रात्रीबेरात्री धावलेली माणसे मला माहीत होती आणि त्या प्रत्येकाला कारण होते. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून कडा उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका आपण लहानपणी ऐकलेली असते. तिचे तान्हे मूल घरी होते. पेशवाईतल्या पत्रांत जासुदांची जोडी रवाना केल्याचे उल्लेख ठायी ठायी येतात. ते जासूद घाट चढले-उतरले ते हुकूम होता म्हणून, आणि पोटासाठी. हिरकणीला कोणी सांगितले असते, की बाई, मूल सुखरूप आहे, तू सकाळी सावकाश दिंडीतून ये, तर ती कड्याकडे वळून तरी पाहती का? आणि आमच्या घरचे मूल तर सतरा वर्षांचे होऊन फोन पाहत बसलेले!

तिच्याबरोबर टेकडीवर येणाऱ्या मंडळींनाही मी गाठले. त्यांत एक दातांचे डॉक्टर, दोन संगणकवाले, एक रिक्षाचालक आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका. निम्म्याहून अधिक चाळिशी ओलांडलेले. सर्वांनी हसतमुखाने उत्तरे दिली आणि एकही मला पटले नाही. कोणी म्हणाले, तब्येतीसाठी. पण तब्येतीला तासभर चालणे पुरते. त्यासाठी तोरणा कशाला? कोणी म्हणाले, निसर्गासाठी. निसर्ग मलाही आवडतो. तो बसून चांगला दिसतो. धावणाऱ्याला दिसतात ते पुढचे तीन दगड. कीर्ती म्हणावी, तर पहिल्या तिघांपलीकडे कोणाचे नाव कोणी विचारीत नाही. रिक्षावाले तेवढे म्हणाले, "सर, सांगता येत नाही. एकदा या ना बरोबर!" मी घाईघाईने विषय बदलला.

मधल्या काळात घरात नवे शास्त्र शिरले. चढावर धावायचे नसते, चालायचे असते. मोठमोठे धावपटूही उभ्या चढणीला गुडघ्यांवर हात टेकून चालतच जातात, हे ऐकून मला बरेच हायसे वाटले. खरा वैरी उतार. चढताना दम लागतो, तो थांबले की परत येतो. उतरताना मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचे ओझे अडवतात, ब्रेकसारखे. त्यांत बारीक बारीक जखमा होतात आणि पुढले दोन-तीन दिवस माणूस जिना उलटा उतरतो. घाम जातो म्हणून नुसते पाणी ढोसायचे नाही. रक्तातले मीठ उतरले तर जिवावर बेतते. जवळ शिट्टी हवी, कपाळावर बांधायची विजेरी हवी, थंडी अडवणारे चकचकीत पातळ पांघरूण हवे. ते पांघरूण कशासाठी हे मी विचारले, आणि विचारले नसते तर बरे झाले असते. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरची डोंगरशर्यत चालू असता अचानक पाऊस, गारा आणि वारा सुटला. उघड्या डोंगरावर गारठून एकवीस जण गेले. एका मेंढपाळाने आपल्या आसऱ्याच्या गुहेत नेऊन सहा जणांना जगवले.

त्या रात्री मला झोप आली नाही. सह्याद्रीत डिसेंबरात गारा पडत नाहीत, हे मला कळत होते. पण पाय घसरायला गारा लागत नाहीत. सकाळी मी म्हणालो, "हे बघ, तुला काही सिद्ध करायचंय का? आम्ही सगळे मानतोच तुला." ती बुटाची नाडी बांधत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. वर्गात एखादा चांगला मुलगा भलतेच उत्तर देतो, तेव्हा मी त्याच्याकडे जसा पाहतो, तशी ती पाहत होती.

शर्यतीच्या दिवशी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी चांगलीच थंडी होती. शेकडो माणसे जागच्या जागी उड्या मारीत होती. मफलर गुंडाळलेले आम्ही नातेवाईक मात्र निमूट उभे होतो. इशारा झाला आणि ती सारी माणसे अंधारात शिरली. थोड्या वेळाने डोंगराच्या अंगावर दिव्यांची एक वाकडीतिकडी ओळ वर सरकू लागली. सौ.चा दिवा कोणता ते ओळखण्याचा मी प्रयत्न केला. सगळे सारखेच होते.

दुपारी राजगडाखाली गुंजवण्याला पाण्याचा थांबा होता. मी उकडलेले बटाटे आणि मिठाची पुडी घेऊन उभा राहिलो. शेजारी गावातल्या एक आजी केव्हापासून हा तमाशा पाहत होत्या.

"आवं, ही मान्सं का पळत्यात? कुनी मागं लागलंय व्हय?"

"नाही आजी. हौस आहे."

"हौस?" आजींनी गडाकडे पाहिले. "आमी ह्याच वाटंनं ताकाचा हंडा घिऊन चढायचो. दिसातनं दोनदा. पर हौसंनं न्हाई बा." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "पळंनात का. पर भाकर तरी खाऊन पळा म्हनावं."

माझाच प्रश्न माझ्याहून चांगल्या मराठीत कोणीतरी विचारला होता. इतक्यात ती आली. तोंड मिठाने पांढरे झालेले, कोपरापाशी खरचटलेले. तिने दोन बटाटे खाल्ले, दोन कमरेच्या पिशवीत टाकले. "वीस मिनिटं हातात आहेत," एवढेच बोलून गडाच्या वाटेला लागली. मी "जपून" म्हणालो. ते तिला ऐकू गेले नसावे.

राजगड उतरून तोरण्याला जाताना मध्ये एके ठिकाणी डांबरी सडक आडवी जाते. तिथे पुढचा थांबा होता आणि तिथली वेळ ठरलेली होती. त्या वेळेच्या आत जो येईल त्याला पुढे सोडायचे. बाकीच्यांची शर्यत तिथे संपली. मी गाडीने वळसा घालून तिथे पोचलो. थांब्यावर एक पोरगेलेसे स्वयंसेवक घड्याळ लावून बसले होते. माणसे येत होती, पाणी पिऊन जात होती. ठरलेली वेळ जवळ आली, झाली, गेली. संजीवनी माचीकडून येणाऱ्या सोंडेवर मला कोणीच दिसेना. वाचकहो, खरे सांगतो, त्या क्षणी ती वेळेत यावी असे मला वाटत नव्हते. ती यावी, एवढेच वाटत होते.

ती आली. अकरा मिनिटे उशिरा आली.

ते पोर ओशाळून म्हणाले, "काकू, वेळ संपली." आणि तिच्या छातीवरच्या क्रमांकाच्या कागदावर त्याने पेनाने एक तिरकी रेघ मारली. मला त्या पोराचा भयंकर राग आला. अकरा मिनिटे! आमच्या परीक्षेत एवढ्या उशिरा आलेल्यालाही आत घेतात. मी भांडायला पुढे सरसावलो, तेवढ्यात ती म्हणाली, "त्याचं बरोबर आहे हो." मग ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली, बूट काढले, उलटे करून खडे झटकले. समोर तोरणा उन्हात उभा होता. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. रडेल असे मला वाटले होते. पण ती एखादा हिशेब तपासत असावी तशी दिसत होती.

"माचीवरून उतरताना मांड्या लटलट कापायला लागल्या," ती म्हणाली. "कळलं मला. आज इथवर."

घरी आल्यावर ती दोन दिवस जिना उलटा उतरली. तिसऱ्या दिवशी सरळ उतरू लागली. चौथ्या दिवशी रात्री कागद-पेन्सिल घेऊन, ती अकरा मिनिटे कुठे गेली ते शोधत बसली. सिंहगडाच्या उतारावर इतकी, विंझरजवळ बूट नीट करण्यात इतकी. मला राहवेना.

"अगं, पुरी झाली नाही याचं तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. खूप वाटतं." ती पेन्सिल खाली ठेवून बोलू लागली. एवढे सलग ती क्वचित बोलते. "पण अहो, मॅरेथॉनचं आता कसं झालंय, उभी राहते तेव्हाच ठाऊक असतं, होणार. दहा मिनिटं इकडे नाहीतर तिकडे. सडकेवरचा किलोमीटर म्हणजे किलोमीटर. डोंगरात एक किलोमीटर सात मिनिटांत जातो आणि पुढच्याला पाऊण तास लागतो. घड्याळाला काही कळत नाही. बँकेत संध्याकाळी पैशाला पैसा जुळेपर्यंत मी उठत नाही. घरातही तसंच. आईंचं आजारपण, याची शाळा, घराचे हप्ते, सगळ्या गोष्टी झाल्याच पाहिजेत अशा. त्या मी केल्या आणि पुढेही करीन. पण होईल की नाही हे खरोखर ठाऊक नाही, आणि नाही झालं तर कुणाचंही काही अडत नाही, अशी एक तरी गोष्ट आपल्याला असावी की नाही?"

मी काहीच बोललो नाही. कारण मला एकदम एक कपाट आठवले.

त्या कपाटात वरच्या फळीवर लाल फडक्यात बांधलेले एक बासन आहे. चौदा वर्षांपूर्वी मी पीएच.डी.साठी नाव नोंदवले होते. विषय पेशवेकालीन पत्रांची भाषा. सात प्रकरणे योजली होती, चार लिहून झाली. मग मार्गदर्शक निवृत्त झाले, एकदा मुदत वाढवून घेतली, दुसऱ्यांदा अर्जच केला नाही. कोणी विचारले तर मी सांगतो, वेळ मिळाला नाही. हे खोटे आहे. वेळ होता. चार प्रकरणे लिहून झाल्यावर मला दिसू लागले होते, की आपला प्रबंध सामान्य निघणार. पुरा केला असता तर ते सगळ्यांना दिसले असते. अपुरा ठेवल्यामुळे तो माझ्या मनात अजून उत्कृष्ट आहे. माझ्या कागदांवर रेघ मारायला घड्याळवाले पोर बसलेले नव्हते. तशा जागेच्या जवळपासही मी स्वतःला जाऊ दिले नाही.

हे सगळे डोंगर धावणाऱ्यांना लागू पडते असा माझा दावा नाही. कोणी दुःख विसरायला धावत असेल, कोणी नुसत्या खुमखुमीने. पण आमच्यासारख्या पगारदार माणसांचे आयुष्य आठवून पाहा. कायमची नोकरी, विमा, भविष्यनिर्वाह निधी. पुढे काय होईल हे आधी कळावे म्हणून आपण उमेद खर्च करतो. चाळिशी येते तोवर ते बरेचसे साधते. आता काय व्हायचे ते ठाऊक असते. आणि आपण स्वतः कुठवर जाऊ शकलो असतो, ते मात्र कधीच कळत नाही, कारण तिथवर जाण्याची पाळीच कोणी आणलेली नसते. हिरकणीवर ती पाळी आली होती. आमच्या घरच्या बाईने ती मुद्दाम, पैसे भरून, छातीवर क्रमांक लावून आणली. त्या डांबरी सडकेवर तिला जे कळले ते मला माझ्याबद्दल माहीत नाही, याचा मला त्या रात्री पहिल्यांदा हेवा वाटला.

या लेखासाठी जासुदांचा एक उल्लेख ताडून पाहावा म्हणून गेल्या महिन्यात मी ते बासन खाली काढले. वर्षानुवर्षांची धूळ अंगावर घ्यायच्या तयारीने फडके सोडले, तर आत सगळ्यांत वर तिचा तो क्रमांकाचा कागद, तिरक्या रेघेसकट! मी तो तिला नेऊन दाखवला.

"अय्या, तिथे ठेवला होता होय!" ती म्हणाली. "चुरगळू नये म्हणून कुठेतरी सपाट ठेवायचा होता. म्हटलं, तुमचं ते काही कोणी उघडत नाही."

मी कागद होता तिथेच ठेवला आहे. बासन मात्र पुन्हा फळीवर गेलेले नाही. टेबलावर आहे, पाचव्या प्रकरणाची टाचणे वर काढलेली आहेत. त्यापलीकडे सांगण्यासारखे अजून काही घडलेले नाही, तेव्हा अभिनंदनाची पत्रे कृपया पाठवू नयेत.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे चकल्यांचा घाणा उतरलेला असेल आणि डिसेंबर महिन्याभरावर आलेला असेल. तिने नाव नोंदवले आहे. ती अकरा मिनिटे तिने कागदावर तरी परत मिळवली आहेत. डोंगराचे तिला अजून ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नाही म्हणूनच स्वारी खुशीत आहे. मी गुंजवण्याला आणि पुढे त्या सडकेवर उभा राहायचा आहे. या खेपेस बटाट्यांना मीठ जरा जास्त लावा, असे तिने आत्तापासूनच बजावून ठेवले आहे.